मुंजाजीरावांच्या चतुःसीमा

आमचे शेजारी मुंजाजीराव फोटो हातात घेतला की आधी माणूस पाहत नाहीत. चारी कडा पाहतात. सारी नोकरी जमिनीच्या मोजणी खात्यात गेली. बारशाच्या फोटोत पाळण्याशेजारी कुणाचं कोपर दिसलं, की म्हणतात, "अतिक्रमण हाय." आणि बोटाने कड सरकवून कोपर कापून टाकतात.

परभणीत नवा मोबाइल घेतलेला प्रत्येक जण आधी सगळ्यांचे चेहरे दुधात बुडवून काढतो. मीही तेच केलं. मुंजाजीरावांनी माझा उजळलेला फोटो पाहिला, मग मला पाहिलं आणि विचारलं, "सर, हे पाव्हणे कोण?" त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य.

शिकवणं मोजणीसारखंच. आधी कॉपी काढायची. मूळ नकाशावर रेघ मारत नसतात. मग फोटो सरळ करायचा, विजेचा खांब ओळंब्यात आला पाहिजे. मग कडा. उजेड सगळ्यात शेवटी, तोही भाजीत मीठ घालावं इतकाच. चुडाव्याच्या स्टेशनवरच्या माझ्या एका फोटोतून त्यांनी दोन पाट्या, एक शेळी आणि माझे मेहुणे बाहेर काढले. फोटो खरोखर सुधारला.

त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर मात्र एक अजब फोटो होता. पेडगावच्या शेतात ते उभे, सगळं शिवार तिरकं, आणि वरचा कोपरा कुणाच्या तरी अंगठ्याने झाकलेला. एकदा मोबाइल माझ्या हाती देऊन ते चहा आणायला आत गेले. गुरूला खूश करावं म्हणून मी शिवार सरळ केलं, अंगठा कापला. कॉपी काढायची राहिली.

परत आल्यावर त्यांनी फोटो पाहिला. कपबशा खाली ठेवल्या. मग हळू विचारलं, "मूळ हाय का?"

कॉपी नव्हती. त्यांनीच चाचपडत मूळ फोटो परत आणायचं बटण शोधलं. शिवार पुन्हा कललं. कोपऱ्यात धूसर, गुलाबी अंगठा उगवला.

"हिचा हाय," ते म्हणाले. "हिचा फोटू काढायची येळ आली की मीच म्हणायचो, उजेड बरा न्हाई, उद्या काढू."

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा फोटो का नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मला ते अतिक्रमण वाटलं, असं मी कसंबसं पुटपुटलो.

"न्हाई सर. वहिवाट हाय."

आणि दोन बोटांनी तो कोपरा ते मोठा करत गेले, फोटोतले ते स्वतः कडेबाहेर जाईपर्यंत.