दक्षिणेच्या खिडकीचा सदुपयोग

सूर्यप्रकाश मर्यादित असून त्याची सर्वाधिक नासाडी सत्तरीपुढचे नागरिक करतात, याबद्दल सुज्ञांत दुमत नाही. दक्षिण कोरियातल्या छोंगजू शहरात अकराव्या मजल्यावर राहणारे ह्वांग दोक-सू हे असेच एक नासाडखोर गृहस्थ. वय एक्याऐंशी. बायको गेल्यापासून सहा हिवाळे ते दिवाणखान्यातल्या दक्षिणेच्या खिडकीशी उशी टाकून बसत आणि सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंतचं सगळं ऊन एकटेच गुडघ्यांवर घेत. उत्पन्न शून्य. (शेजारी काचेच्या पेल्यात कांद्याची मुळं ठेवून ते पात वाढवत आणि ती रोज सुपात पडे, पण खाल्ली जात असल्यामुळे तिला बागकाम म्हणता येत नव्हतं.)

त्यांची सून हे-रान हिने वॉर्डाच्या केंद्रात ‘खिडकीतली सुगंधी बाग’ हा आठ आठवड्यांचा वर्ग प्रमाणपत्रासह पुरा केला. तिथे तिला कळलं की बेसिल, थाइम आणि रोजमेरी यांना रोज सहा तास ऊन लागतं. घरी येऊन तिने घड्याळ लावून पाहिलं. खिडकीत ऊन होतं सव्वासहा तास. ती मुळात न्यायी बाई. उरलेली पंधरा मिनिटं तिने सासऱ्यांना दिली.

“बाबा, तुम्ही उत्तरेच्या खोलीत बसा ना. टीव्ही आहे तिथे.”

“तो बंद पडलाय ना गं, सोल-बीची आई?” नातीच्या नावानेच ते सुनेला हाक मारत.

“मग काय, शांत वाटेल.”

मुलगा ब्योंग-जू याने विज्ञानाची बाजू मांडली. “बाबा, फरशी गरमच असते की आपली. खाली गरम पाण्याचे पाइप आहेत.”

“फरशी खालून तापते रे. माझे गुडघे वर आहेत.”

पण तोवर चौदा कुंड्या येऊन पोचल्या होत्या, आणि पेला कधीच कचऱ्यात गेला होता. (तो फोटोत येत असे.)

बागेचा मुख्य नियम एकच: पान तोडायचं नाही. स्वयंपाकाला बेसिल लागली की ती दुकानातून आणायची आणि शिजलेलं ताट कुंडीजवळ ठेवून फोटो काढायचा. पहिल्या महिन्याचं पीक पुढीलप्रमाणे: फोटो दोनशे बारा, पानं शून्य. वर्गातला हा उच्चांक होता. शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

दिवसा घरात दुसरं कोणी नसल्यामुळे कुंड्या दर तासाला पाव वळण फिरवण्याचं काम दोक-सूंकडे आलं. म्हातारपणी जबाबदारीचं पद मिळणं ही भाग्याची गोष्ट. काचेवर सूचना चिकटवलेली होती: ‘फिरवताना सावली पाडू नये.’ सावली न पाडता कुंडी फिरवायची तर हात लांब करून, कंबरेत वाकून, तिरकं उभं राहावं लागतं. ते तसे उभे राहत.

एका शुक्रवारी थाइम मलूल दिसली.

“बाबा, तुम्ही इथे बसला होतात?”

“टेकलो होतो जरा.”

“किती वेळ?”

दोक-सूंनी तीस वर्षं शहराची बस चालवली होती आणि त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार कधी आली नव्हती. त्यांनी मान खाली घातली. “सात मिनिटं.”

हे-रानने थाइमच्या कुंडीवरून हळुवार हात फिरवला.

सोमवारी कोट चढवून ते वसाहतीतल्या ज्येष्ठांच्या खोलीवर गेले. तिथे भिंतीकडच्या अंधारात मफलर गुंडाळून सातजण बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या ओक-बुन आजींनी त्यांना जागा करून दिली.

“या, इकडे मागच्या रांगेत बसा. खिडकीत पुदिना बसलाय.”

“इथेही?”

“केंद्राने पाठवलाय. उद्घाटन झालं, आम्हीच टाळ्या वाजवल्या.”

शेवटी आठहीजण उठले आणि खाली कचरा वेगळा करण्याच्या शेडच्या दक्षिण भिंतीला पुठ्ठे टाकून बसले. तापमान उणे सहा, पण ऊन मात्र पूर्ण. फेब्रुवारीत त्यांची संख्या चौदा झाली. वर खिडक्यांत कुंड्या, खाली ओळीत म्हातारे. वसाहत दोन्ही बाजूंनी बहरली.

एकदा त्या शिकवणाऱ्या बाई तिथून चालल्या होत्या. त्या कौतुकाने थांबल्या. “वा! कसं बरोब्बर ऊन शोधलंय! आणि देखभाल काही नाही.”

दोक-सू भिंतीला धरून उठले. “बाई, एक विचारू का? आम्हाला किती तास लागतं?”

बाईंनी वही चाळली. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रामाणिकपणे चाळली.

“ते आपल्या अभ्यासक्रमात नाहीये, आजोबा.”

“बरं,” म्हणून ते परत बसले.

इथवर वाचताना बेसिलला पाणी कधी घालायचं असा प्रश्न ज्यांना पडला असेल, त्यांनी मातीत बोट घालून पाहावं. कोरडी लागली तरच घालावं. ज्यांना दुसरा काही प्रश्न पडला असेल, त्यांच्यासाठी केंद्राने अद्याप वर्ग काढलेला नाही. मागणीचा अर्ज आला तर काढू म्हणतात. अजून एकही आलेला नाही, तुमचाही नाही.