दहा मिनिटांची शांतता

कर्वेनगरातल्या एका गल्लीत अकरा जणांना कावीळ झाल्यावर, जमिनीखालच्या बावन्न वर्षांच्या जलवाहिनीची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तपासणी 'नागरिकांच्या सेवेत क्षणभरही खंड न पाडता' करायची होती. हे काम कनिष्ठ अभियंता सरोजिनीबाईंकडे आलं, कारण बैठकीला त्या पाच मिनिटं उशिरा पोहोचल्या होत्या.

उपकरण साधं होतं. लोखंडी काठीचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. वाहत्या पाण्याला जिथे चीर सापडते तिथे बारीक सूं असा आवाज येतो. त्याच चिरेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतंय, याबद्दल बाईंना शंका नव्हती. फक्त जागा सापडायला हवी होती.

पाणी सकाळी सहा ते आठ यायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी काठी लावली आणि दचकून कान बाजूला घेतला. गल्लीतल्या चौतीसच्या चौतीस सोसायट्यांनी नळाला थेट मोटारी जोडल्या होत्या. त्या पाण्याबरोबर गटारही ओढत होत्या आणि वर इतक्या घरघरत होत्या की बाईंना स्वतःचं बोलणं ऐकू येईना.

त्यांनी फलक लावला : 'उद्या सकाळी सात ते सात दहा मोटारी बंद ठेवून सहकार्य करावे.'

संध्याकाळी एका सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब सगळ्या गल्लीतर्फे लेखी निषेध घेऊन कार्यालयात हजर झाले. सोबत चौतीस प्रतिज्ञापत्रं होती.

"नळाला मोटार लावणं बेकायदेशीर आहे, बाई. आपण आमच्यावर आरोप करताय."

"मग बंद ठेवायला काय हरकत आहे?"

"नसलेली वस्तू बंद कशी ठेवणार?" आप्पासाहेबांनी आवाज खाली आणला. "आधी समोरच्यांना बंद ठेवू द्या."

दुसऱ्या दिवशी बरोबर सात वाजता बाई रस्त्यावर उकिडव्या बसल्या. आज बाकीचे मोटारी बंद ठेवणार, म्हणजे पाण्याला जोर चांगला येणार, हा साधा हिशेब प्रत्येकाने केला होता. एरवी साडेसातला लावणाऱ्यांनीही आज सातलाच लावली. एकाने तर सासुरवाडीहून दुसरी मोटार मागवून घेतली होती. बाईंच्या हातातली काठी थरथरू लागली.

"आवाज कसला होता?" कार्यालयात बाईंचे वरिष्ठ, सलिलसाहेब, यांनी विचारलं.

"मोटारींचा."

"प्रतिज्ञापत्रांनुसार मोटारी किती?"

"शून्य."

"मग आवाजही तेवढाच लिहा."

"साहेब, माणसं आजारी आहेत तिथे!" बाईंचा संताप अनावर झाला.

"म्हणूनच अहवाल आजच जायला हवा."

सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, बाईंचीच राहिली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्यांनी सही केली. 'संशयास्पद ध्वनी आढळला नाही. वाहिनी सुस्थितीत. सेवेत खंड नाही.' आप्पासाहेबांनी अहवालाची प्रत काचेच्या सूचनाफलकात लावून कुलूप घातलं.

तीन आठवड्यांनी, सकाळी सव्वासातला आप्पासाहेबांचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"अहो, आमचा समर्थ पिवळा पडलाय. सात वर्षांचं पोर आहे ते! तुम्ही तपासलंत तरी काय?"

"आप्पासाहेब, तुमच्या मागे घरघर कसली येतेय?"

"घरघर? मला तर काही ऐकू येत नाही."

वाचकहो, उद्या सकाळी आपल्याही जिन्याखालच्या मोटारीची घरघर आपल्याला ऐकू येणार नाही, याची पाणीपुरवठा विभागाला पूर्ण खात्री आहे. प्रतिज्ञापत्र तेवढं पाठवून द्यावं.