डाव्या हाताचे भागाकार

तुमच्या मोटारसायकलच्या नंबराला तेराने भाग जातो का? माहीत नाही ना? मग आमच्या नवागामच्या कामगार वस्तीत, शेजारच्या सुकलालआप्पांसमोरून एकदा गाडी न्या. तुम्ही वळणापर्यंत पोचायच्या आत ते सांगतील.

आप्पा मूळचे पारोळ्याकडचे, कापडाच्या लूमवरचे जुने कामगार. मी कामगारांसाठी पत्रकं लिहितो. मालकांना झोडपून काढणारं पत्रक हातात दिलं, तरी आप्पा फक्त खालचा फोन नंबर वाचत आणि "सतराने जातो" म्हणून कागद परत देत. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, की तू बरा आहेस, पण तुझ्या गाडीचा नंबर तीनवर तुटतो.

त्यांची लाडकी संख्या एकच, ७३९३९१३३. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशाचाच भाग जात नाही. उजवीकडचा आकडा काढा, उरलेलीलाही जात नाही. आणखी एक काढा, तरी नाही. शेवटी नुसता सात उरतो, त्यालाही नाही. "भाग जास नही," आप्पा म्हणत, जणू ती संख्या त्यांनीच विणली होती.

मला हा रिकामा उद्योग वाटे. मग पलसाण्यात एका कारखान्यात रोलरने माझ्या मोठ्या भावाची, दिनेशची, उजव्या हाताची तीन बोटं नेली. रोलरला हात अडवणारी जाळी नव्हती.

दवाखान्यातून घरी आल्यावर दिनेशने जेवण सोडलं. डाव्या हाताने खाणार नाही, कोणाकडून भरवून घेणार नाही. दोन दिवस आईने भरलं ताट तसंच उचललं. तिसऱ्या सकाळी आप्पा वही-पेन्सिल घेऊन आले. त्यांच्याही उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. गल्लीत त्याबद्दल कोणी बोलत नाही.

त्यांनी डाव्या हाताने ती संख्या लिहिली आणि एकेक आकडा झाकत दाखवली. दिनेश कुत्सितपणे म्हणाला, आता उजवीकडे एक आकडा जोडून दाखवा.

"नाही जोडता येत. कोणताही आकडा जोड, भाग जातोच," आप्पा म्हणाले. "गयं ते गयं, भाऊ. खोटं नाही सांगणार."

मग म्हणाले, त्यांची बोटं गेली तेव्हा दवाखान्यात ते एकटेच होते. डाव्या हाताला वळण लावायचं, तर काहीतरी लिहायला हवं. "पत्र लिहू म्हटलं. पण कोणाला? म्हणून भागाकार करत बसलो."

दिनेशने वही पुढ्यात ओढली. मग डाव्या हातात पेन्सिल धरून त्याने ७३९ ला सातने भागलं. आकडे लोळत होते, पण बाकी चार आली, बरोबर. आप्पा म्हणाले, आता अकराने कर, पण आधी दोन घास खा. आईने ताटात चमचा ठेवला. त्याने तो डाव्या हाताने उचलला.

आता तो दोन्ही वेळा जेवतो आणि भागाकारावरून आप्पांशी कडाकडा भांडतो. आई म्हणते, भांडतोय ना, मग बरा आहे.

तुम्ही यंत्रावर काम करत असाल, तर उद्या हात घालण्याआधी जाळी आहे का बघा. नसेल तर मागा. आणि एकट्याने मागू नका, शेजारच्या यंत्रावरच्यालाही बरोबर घ्या.