दोन नंबरची बाटली

“दोन महिन्यांत सोक्षमोक्ष लावतो! अगदी शास्त्रीय पद्धतीनं!” असं धम्मानंद सर बोलून गेले आणि स्वतःच दचकले. एवढ्या मोठ्या आवाजात ते जन्मात बोलले नव्हते. अहमदपूरच्या कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, तेवढ्या काळात पोरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “सर, पंख्याचं बटन कुठंय?” आणि आज शेजारचा शहेबाज, दारात मावत नाही असा बत्तीस वर्षांचा गडी, त्यांचा सल्ला मागत होता!

शहेबाज ताकदीच्या इंजेक्शनला हात न लावता वजनं उचलायचा. जमिनीवरचा दांडा कमरेपर्यंत आणायचा, तो पावणेदोनशे किलोला जो अडला तो अडलाच. मे महिन्यात लातूरला निवड होती. एकशे ऐंशी उचलले तर राज्य स्पर्धा! नाहीतर अब्बा खाजामियाँचं फर्मान ठरलेलं : औंदा शेवटचं, मग जिम बंद आणि दुकानात बसून कूलरचे पत्रे ठोकायचे.

“सर, ही जडीबुटीची गोळी,” शहेबाजनं बाटली पुढं केली. “अश्वगंधा, गोखरू, मुसळी, समदं हाय. मर्दानी हार्मोन वाढतंय म्हणं. जिमवाले म्हणून राहिले, ताकद दुप्पट! खरं हाय का?”

सरांनी आठ दिवस वाचलं. एका अभ्यासात थोडा फायदा, दुसऱ्यात काहीच नाही, तिसऱ्यात तर तपासलेली माणसं कधी व्यायामच न केलेली! तेवढं सांगून गप्प बसायचं. पण नाही! सरांनी निम्म्या कॅप्सूलसारख्या गोळ्यांची टोपणं उघडून आतली भुकटी काढली, ज्वारीचं पीठ भरलं, आणि दोन बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. एक नंबर खरी, दोन नंबर पिठाची. कुठली खरी ते शहेबाजला सांगितलं नाही. प्रत्येकी चार आठवडे.

एक नंबर संपली. दांडा पावणेदोनशेवर, गाढवासारखा हटून बसलेला! सरांनी वहीत ऐटीत लिहिलं : ‘औषध निरुपयोगी.’

दोन नंबर सुरू झाली आणि चौथ्या आठवड्यात शहेबाज धावतच घरात शिरला.

“सर! एकशे ऐंशी! दोन नंबर अस्सल हाय, अस्सल!” त्यानं सरांनाच कमरेत धरून उचललं.

हवेत लोंबकळत असताना माणसानं खरं कसं बोलावं? खाली उतरल्यावर तरी बोलायचं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं. सर म्हणाले, “छान, छान.”

तिथं घात झाला. दुसऱ्या दिवशी जिमचे मालक लिंबाजी हजर. “सर, दोन नंबर आमालाबी!” त्यांच्यामागं चार पैलवान. सरांना नाही म्हणता येत असतं तर आयुष्य निराळंच झालं असतं! संध्याकाळी खुद्द खाजामियाँ आले. “सर, हमारे घुटनों को भी देव ना थोडी.”

“अवो, भाकरीपुरतं तरी पीठ राहू द्या!” सरांच्या पत्नी कस्तुराबाई करवादल्या. “आन् त्या लेकराला खरं सांगून टाका.”

“निवड झाल्यावर सांगतो,” सर म्हणाले. हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव शहाणा बेत होता.

निवडीच्या दिवशी ते शहेबाजबरोबर एसटीनं लातूरला गेले. नाव पुकारायला पाच मिनिटं असताना शहेबाज पिशवी उलटीपालटी करू लागला. “सर, बाटली घरीच राहिली! आता कसं व्हायचं?”

सरांना वाटलं, हीच वेळ! आता सत्य सांगितलं की पोराची छाती फुगेल!

“अरे वेड्या, त्यात ज्वारीचं पीठ होतं! ते एकशे ऐंशी तू स्वतःच्या बळावर उचललेस!”

शहेबाज बघतच राहिला. “पीठ?”

“नुसतं पीठ!”

“पीठ?” तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचं नाव पुकारलं गेलं.

पहिल्या खेपेला दांडा गुडघ्यापर्यंत आला. दुसऱ्या खेपेला नडगीपर्यंत. तिसऱ्या खेपेला हललाही नाही.

परतीच्या एसटीत सर सारखे खिडकीबाहेर बघत होते, आणि खिडकीच्या काचेत शहेबाजचाच चेहरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सर वही घेऊन दुकानात गेले. निदान शास्त्र तरी पदरात पडलं, अशी मनाची समजूत घालत त्यांनी खाजामियाँना आकडे वाचून दाखवले. खाजामियाँनी बोटांवर आठवडे मोजले.

“सर, पहले चार हप्ते तो पूरा रमजान था! पोरगा रोजे धरून उचलून राहिला ना! दिवसभर पानी भी नहीं. ईदनंतर पोटभर खाल्लं, झोपला, म्हणून वाढलं असंल.”

त्याच ईदला सरांनी दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला होता. वहीत मात्र रमजानचा र सुद्धा नव्हता! म्हणजे उपाशीपोटी पावणेदोनशे टिकले, ते कदाचित एक नंबरमुळेच? की तेही आपोआप?

कोपऱ्यात पत्रा ठोकणाऱ्या शहेबाजनं हातोडी थांबवली. “मंग सर, त्या गोळीनं फायदा होतो का न्हाई?”

सरांनी वही मिटली. “मला माहीत नाही रे.”

“हाव,” शहेबाज म्हणाला. “मला बी न्हवतं.” आणि तो पुन्हा पत्रा ठोकू लागला.