निकमकाकांचा सारमा

द्राक्षाचा वेल दिसला की निकमकाका घडाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पान उलटं करून त्यावर अंगठा फिरवतात, "जून झालंय, कामाचं नाही," म्हणतात आणि पुढे चालू लागतात.

काका मूळचे निफाडचे. चाळीस वर्षं द्राक्षबाग केली, आता टोकियोतल्या हिगाशी-कसाईत आमच्या शेजारी लेकीकडे राहतात. इमारतीखाली एलिफ या तुर्की बाईचं छोटं दुकान आहे. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात त्यांनी तिथे पहिल्यांदा खाल्ला आणि कपाळावर हात मारला. "आयुष्यभर ही पानं शेळ्यांना घातली की हो!"

तेव्हापासून ते भेटेल त्याला शिकवतात. "भरला तो डोलमा, गुंडाळला तो सारमा. म्हणजे भरली वांगी डोलमा, अळूवडी सारमा." एलिफच्या इझमीरकडे, म्हणजे तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑलिव्ह तेलातला, लिंबू पिळलेला गार सारमा; देशाच्या पूर्वेकडे खिम्याचा, गरम. ग्रीक आणि आर्मेनियन लोकही तो आपलाच म्हणतात, हे सांगितलं तर काका म्हणाले, "भांडू देत. वेल काय बांध बघून चढतो?"

मे महिन्यात एलिफची आई तिकडे वारली. तिला जाता आलं नाही. दुकान उघडायची, पण सारम्याची थाळी रिकामी. "हातच वळत नाहीत," ती मला जपानीत म्हणाली. मी काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मला दुभाष्या म्हणून घेऊन यामानाशीच्या द्राक्षबागांत निघाले.

"फवारणी कधी केली, विचार." मागच्या आठवड्यात, असं उत्तर आलं. "मग नको." अडीच तास रेल्वेने रिकाम्या हाताने परत. पुढच्या शनिवारी बिनफवारणीची बाग सापडली. पहिल्या पातेल्यातले सारमे फुटून खिचडी झाली, दुसऱ्यात भात कच्चा. लेक वैतागली, "बाबा, आता पुरे!" काकांनी तिसरं चढवलं. त्यात गोडा मसाला घालायचा मोह त्यांनी आवरला, यावरून निश्चय ओळखावा.

ते पातेलं, उरलेली पानं आणि भात घेऊन आम्ही खाली दुकानात गेलो. एलिफने एक खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. "आईचे करंगळीएवढे बारीक असायचे."

मी भीतभीतच भाषांतर केलं. काकांनी उरलेली पानं आणि भात तिच्यापुढे सरकवला. "तिला म्हणावं, शिकव मला. माझी बोटं जाड आहेत."

एलिफने डोळे पुसले, हात धुतले आणि स्टूल ओढलं. तासाभरात थाळी भरली.

वर येताना लिफ्टमध्ये काका म्हणाले, "आमची ही, कुसुम, गेली तेव्हा सगळ्यांनी मला नुसतं बसवून ठेवलं. कुणी बागेतसुद्धा जाऊ देईना. फार लांबलं रे ते वर्ष."