दोन ॲम्प आणि दातांचा दवाखाना

"रविवारी जेवणाआधी निकाल लावून टाकतो!" दातांच्या डॉक्टरांनी बायकोला ठणकावून सांगितलं. "शास्त्रशुद्ध पद्धतीनं! डोळे बंद, कान उघडे! कुणाला बोलायला जागाच ठेवत नाही!"

बायको इस्त्री करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आणि तुमच्याविरुद्ध लागला तर?"

"माझ्याविरुद्ध?" डॉक्टर हसले. "अगं, वीस वर्षं कान तयार केलेत मी!"

आता हे डॉक्टर दिवसभर लोकांच्या दाढा कोरायचे आणि संध्याकाळी एका बँडमध्ये गिटार वाजवायचे. गिटारही साधीसुधी नाही, ऐकणाऱ्याच्या बरगड्या हलवणारी! त्यासाठी ॲम्प्लिफायर लागतो तोही तसाच. त्याच्यावर 'गेन' नावाचं एक बटण असतं. ते जितकं पिळावं तितका सूर फाटतो, आणि फाटलेल्या सुराची डरकाळी होते. बँडचा जुना ॲम्प बटण पिळून पिळून एके दिवशी धूर सोडून गेला, आणि नवा कुठला घ्यायचा यावरून डॉक्टरांचं त्यांच्या मेहुण्याशी वाजलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फ्रिज दुरुस्त करायचा आणि बँडमध्ये दुसरी गिटार वाजवायचा. त्याला हवा होता आतमध्ये काचेच्या नळ्या लालबुंद तापणारा, उचलताना कंबर धरणारा ॲम्प. डॉक्टरांना हवा होता नव्या जमान्याचा, आटोपशीर, वाजवणं थांबलं की क्षणात गप्प होणारा.

"भाऊजींच्या ॲम्पचा आवाज इस्त्री करून घडी घातल्यासारखा वाटतो," मेहुणा म्हणाला होता.

"आणि याचा ॲम्प म्हणजे चिखलात लोळणारा रेडा!" डॉक्टर म्हणाले होते.

झालं! तेव्हापासून दोघांचा अबोला. तालमीतसुद्धा सगळा कारभार ताईमार्फत चालायचा.

"ताई, भाऊजींना सांग, सूर चुकला."

"त्याला सांग, चुकला नाही, मुद्दाम घेतला."

ड्रम वाजवणाऱ्या बेकरीवाल्यानं केव्हाच हात वर केले होते. "मला दोन्ही सारखेच ऐकू येतात," असं म्हणून तो पावांच्या भट्टीकडे निघून गेला होता. बँडला नव्या जलतरण तलावाच्या उद्घाटनाला वाजवायचं होतं, आणि त्याआधी ॲम्पचं ठरलं नाही तर आपण दुसऱ्या बँडमध्ये जाणार, असं मेहुण्यानं ताईजवळ जाहीर केलं होतं. रविवारी जेवायला येणंही त्यानं बंद केलं. डॉक्टरांना याचं मनापासून वाईट वाटत होतं. त्याच्याशिवाय घास गोड लागत नव्हता, बँड तर नकोसाच झाला होता. पण हे तोंडानं कबूल करतील ते डॉक्टर कसले!

म्हणून हा शास्त्रशुद्ध प्रयोग. दुकानदारानं दोन्ही ॲम्प घरी नेऊन ऐकायला दिले होते. दोघांचे वाद ऐकण्यापेक्षा ते त्याला परवडलं.

रविवारी सकाळी घराला लागूनच असलेल्या दवाखान्यात मांडामांड झाली. दोन्ही ॲम्प एक्स-रेच्या खोलीत, दार अर्धं लोटलेलं. तारा बायकोनं जोडल्या, त्यामुळे पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे फक्त तिला ठाऊक. फोनवर आवाज मोजून तिनं दोन्ही सारखे लावले, कारण मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, हे डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं. बाहेर रुग्णाच्या खुर्चीजवळ जमिनीवर एक काळं लोखंडी पेडल ठेवलं. त्यावर पाय मारला की आवाज एका ॲम्पवरून दुसऱ्यावर जाणार. गिटारची लांब तार पायात येत होती, म्हणून डॉक्टरांनी दात कोरायचं ड्रिल त्याच्या हुकावरून काढून शेजारच्या बेसिनमध्ये ठेवलं आणि हुकाला तारेचं वेटोळं अडकवलं. मग ते स्वतःच्या युक्तीवर खूश होऊन दोन पावलं मागे सरकले.

इथेच घोळ झाला! त्या ड्रिलचं पेडलही जमिनीवरच, खुर्चीपाशी, काळं. आणि ड्रिल हुकावरून काढलं की ते कामाला सज्ज होतं, पायाचा दाब पडायचा अवकाश!

मेहुणा आला. ताईकडे बघून हसला, भाऊजींकडे बघून खुर्चीत जाऊन बसला आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी गिटार छेडली. खोलीतून डरकाळी आली.

"ताई, सांग त्यांना, हा पहिला ठीक आहे. पण जीव नाही."

डॉक्टरांचा उजवा पाय उचलला गेला. वीस वर्षं हा पाय न बघता एकच पेडल शोधत आला होता. त्यानं आजही तेच शोधलं. बेसिनमध्ये ड्रिल सूंऽऽऽ करत फिरू लागलं आणि गिटारच्या गदारोळात बेमालूम मिसळलं.

मेहुणा खुर्चीत ताठ झाला. "अहाहा! हा! हा बघ ताई! वरची धार ऐक! सुरीसारखी!"

"मला तर दात शिवशिवल्यासारखं झालं," बायको म्हणाली.

"तेच! तेच तर हवं!"

आणि डॉक्टर? डॉक्टरांना काहीच फरक ऐकू येत नव्हता! ड्रिलचा आवाज त्यांच्या कानांनी वीस वर्षांपूर्वीच मोजणं सोडून दिलं होतं. त्यांनी पाय काढला, पुन्हा दाबला. तोच आवाज! पुन्हा काढला, पुन्हा दाबला. छे! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कान गेले की काय आपले? मेहुण्यासमोर हे कबूल करायचं?

"काय हो, कळतोय ना फरक?" बायकोनं विचारलं.

"म्हणजे काय! जमीन-अस्मानाचा!" डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले आणि गिटारमागे घाम पुसला.

"ताई, विचार त्यांना, कुठला चांगला?"

"त्याला सांग, मी इतक्यात मत देत नसतो!"

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर एक निवृत्त न्यायाधीश उभे होते. गाल सुजून टम्म, डोक्याभोवती रुमाल बांधलेला.

"तातडीचं दिसतंय," बायको म्हणाली. "हे गुंडाळा आता."

पण डॉक्टरांच्या डोक्यात वीज चमकली. तिऱ्हाईत माणूस, त्यातून न्यायाधीश! असा पंच शोधून सापडला नसता. त्यांनी मेहुण्याला उठवून न्यायाधीशांना खुर्चीत बसवलं, सुजलेल्या गालात भुलीचं इंजेक्शन दिलं आणि ते चढेपर्यंतचा वेळ सत्कारणी लावायचं ठरवलं.

"साहेब, दोन आवाज ऐकवतो. आवडेल त्याला मान डोलवा."

न्यायाधीशांनी गंभीरपणे मान डोलवली.

या वेळी गिटार मेहुण्यानं घेतली. पहिला आवाज झाला. न्यायाधीश शांत. डॉक्टरांकडे बघत बसलेले. मग डॉक्टरांनी पाय मारला. त्याबरोबर न्यायाधीशांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि भलामोठा आ वासला!

"बघ ताई! थक्क झाले!"

"योगायोग असेल," डॉक्टर म्हणाले आणि पाय काढला. न्यायाधीशांनी तोंड मिटलं. पाय दाबला. आ! काढला. मिटलं. दाबला. आ!

"आता आणखी काय पुरावा हवा?" मेहुण्यानं आनंदाच्या भरात गिटारवरचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. डॉक्टरांनी हताश होऊन पाय तसाच दाबून धरला. हरलो, त्यांना वाटलं. ॲम्प गेला, मान गेला, कानही गेले!

आता हे ड्रिल चालतं हवेवर. हवा भरायला मागच्या खोलीत कंप्रेसर. इतका वेळ ड्रिल फिरल्यानं टाकीतली हवा उतरली आणि ती भरून काढायला कंप्रेसर धडधडत सुरू झाला. दोन ॲम्प, त्यात हा कंप्रेसर! फ्यूज उडाला. दिवे गेले, डरकाळी गेली, सगळं चिडीचूप.

सगळं म्हणजे, एक आवाज सोडून. सूंऽऽऽऽऽ.

टाकीत थोडी हवा उरलेली होती आणि डॉक्टरांचा पाय अजून पेडलवरच होता.

अंधुक उजेडात मेहुणा हळूच म्हणाला, "भाऊजी..."

बायकोनं चमकून पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यानं थेट हाक मारली होती!

"भाऊजी, वीज गेलीय. मग हा ॲम्प कशावर वाजतोय?"

डॉक्टरांनी कान दिला. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना तो आवाज ऐकू आला. त्यांनी खाली पायाकडे पाहिलं. मग बेसिनकडे पाहिलं. पाय उचलला. सूं बंद. न्यायाधीशांनी तोंड मिटलं.

"म्हणजे सकाळपासून आपण..." मेहुणा म्हणाला.

"एकच ॲम्प ऐकतोय," डॉक्टर म्हणाले. "अधिक दाढ कोरणं."

आधी मेहुण्याला हसू फुटलं. मग डॉक्टरांना. दोघं इतके हसले की मेहुण्याला खाली बसावं लागलं आणि डॉक्टरांना त्याच्या खांद्याला धरावं लागलं. बायकोनं पदरानं डोळे टिपले, हसण्याचे की कशाचे ते तिनं सांगितलं नाही.

मग मेहुण्यानं फ्यूज बसवला, डॉक्टरांनी ड्रिल हुकावर अडकवलं, हात धुतले आणि न्यायाधीशांची दाढ मोकळी केली. काम आटोपल्यावर न्यायाधीशांनी खिशातून कानाचं यंत्र काढून कानात बसवलं.

"गाल सुजल्यावर हे टोचतं हो, म्हणून काढून ठेवलं होतं," ते बोबड्या तोंडानं म्हणाले. "काय, गाणंबिणं चाललं होतं का इथे?"

"साहेब! मग तुम्ही तोंड का उघडत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचा पाय त्या पेडलवर गेला की उघडायचं, एवढं माझ्या लक्षात आहे. पण तुम्ही काही पुढे येईनात!"

न्यायाधीश गेले. मग खरा प्रयोग झाला. पेडल बायकोनं स्वतःच्या हातात घेतलं. पहिला वाजला. दुसरा वाजला. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा.

"खरं सांगू?" डॉक्टर शेवटी म्हणाले. "मला फारसा फरक कळत नाहीये रे."

"मलाही नाही, भाऊजी."

"मग इतके दिवस कशासाठी भांडलात?" बायको कडाडली.

मेहुणा घाईघाईनं तार गुंडाळू लागला. डॉक्टरांनी विचारलं, "उचलायला हलका कुठला?"

"तुमचा," मेहुणा मान खाली घालून म्हणाला.

"मग तुझाच घेऊ. उचलायला मी हात लावतो."

"नको, तुमची कंबर! तुमचाच घेऊ."

"अरे, तुझा घे म्हणतो ना!"

"आधी जेवून घ्या!" बायको ओरडली आणि तिसरं ताट वाढायला आत गेली. तिचा जीव भांड्यात पडला होता. मेहुणा बँड सोडत नाही, रविवारही सोडत नाही!

तो भांड्यात पडलेला जीव ताटं मांडेपर्यंत तिथे राहिला.

"भाऊजी," बाहेरून मेहुण्याचा दबका आवाज आला, "एक सांगू? रागावू नका. पण सगळ्यात भारी आवाज त्या ड्रिलचाच होता."

मग डॉक्टरांचा त्याहून दबका आवाज आला, "कंप्रेसरला चाकं आहेत. तलावापर्यंत नेता येईल."

"घरी विजेची लांब तार आहे माझ्याकडे!"

बायको भातवाढी हातात धरून तशीच उभी राहिली. दोघं बोलत नव्हते तेव्हा घर किती शांत होतं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला.