रेड वाइनची चूळ

डॉक्टरांच्या साडूने वाइनचा ग्लास दिव्याकडे धरला आणि जेवणाच्या टेबलावरची सगळी माणसं गप्प झाली. सासऱ्यांचा चमचा ताटात जाता जाता थांबला. साडूने ग्लास तळहातात घेऊन गोल गोल फिरवला, पुन्हा फिरवला, त्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि मग चिमणीएवढा घोट घेऊन तो डाव्या गालात ठेवून दिला.

"अहाहा!" बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "हिच्यात काहीतरी आहे."

"काय आहे?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. ते या घरचे धाकटे जावई, साडू थोरला.

"ते सांगून कळत नाही हो, डॉक्टर. जिभेला कळावं लागतं."

"नाहीतर हे आमचे डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावतायत, पण चवीच्या नावाने शून्य!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने डॉक्टरांची बायको हसली. घरी जाताना गाडीतही तिचं तेच चाललं होतं. "भावोजींचं ते मनगट फिरवणं बघितलंत? काय डौल आहे!"

"माझं मनगट दिवसभर ड्रिल धरतं."

"त्यात कसला आलाय डौल?"

डॉक्टरांच्या पोटात दुखू लागलं. दाढ दुखत असती तर ती त्यांनी आरशात बघून स्वतःच उपटली असती. हे दुखणं वेगळं होतं. साडू लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मॅनेजर. कंपनीने कुठल्याशा प्रशिक्षणाला पाठवला काय, तिथून तो ग्लास फिरवायला शिकून आला काय, आणि सासरच्या घरात डॉक्टरांना कोणी विचारेनासं झालं.

दुसऱ्याच दिवशी ते वाइनच्या दुकानात शिरले.

"पहिल्यांदाच घेताय का?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"एका पेशंटसाठी हवीय," डॉक्टर म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

मुलगी समजूतदार होती. तिने चार बाटल्या समोर मांडल्या. रेड, व्हाइट, रोझे आणि बुडबुड्यांची स्पार्कलिंग. कुठली थंड करायची, कुठली तशीच प्यायची, सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "चवी नीट ओळखायच्या असतील तर गिळू नका. तोंडात घोळवा आणि थुंकून टाका. मोठमोठे जाणकार तेच करतात."

"थुंकायची?" डॉक्टरांचा चेहरा उजळला. थुंकण्याची त्यांच्याइतकी चोख सोय कोणत्या जाणकाराकडे होती?

मग रोज दुपारच्या सुट्टीत, दवाखान्याचं दार लोटून, डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसू लागले. व्हाइट आणि स्पार्कलिंग इंजेक्शनांच्या फ्रीजमध्ये गारठत होत्या. रेडचा घोट घ्यायचा, हिरड्यांवरून फिरवायचा, शेजारच्या बेसिनमध्ये चूळ टाकायची. रेड वाइनने तोंड कोरडं पडतं ते टॅनिनमुळे, हे कळलं तेव्हा तर त्यांना गहिवरून आलं. दात रंगवणारा चहातला हाच तो टॅनिन! इतकी वर्षं जो खरवडून काढला, तो घरचाच निघाला. हळूहळू रेडमधली मर्लो मऊ लागते आणि कॅबर्ने दात आवळते, हेही त्यांना कळायला लागलं. आता फक्त सासूबाईंच्या पुढच्या जेवणाची वाट बघायची होती.

पण त्या दुपारी दार नीट लागलं नव्हतं. डॉक्टर तोंडभर कॅबर्ने घोळवत असताना निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. त्यांची कवळी सैल झाली होती. त्यांना दिसलं ते असं: पेशंटच्या खुर्चीत खुद्द डॉक्टर, पांढऱ्या कोटावर लाल शिंतोडे आणि बेसिन लालभडक. "या, बसा" म्हणायला डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि हनुवटीवरून लाल ओघळ थेट कॉलरपर्यंत गेला.

बाई बसल्या नाहीत. त्या तडक डॉक्टरांच्या सासूबाईंकडे गेल्या, कारण दोघी मैत्रिणी.

"तुमच्या जावयांना रक्ताची उलटी झाली," त्या म्हणाल्या. कवळी हातात असल्यामुळे सासूबाईंना त्यातलं "रक्त" आणि "जावई" एवढंच कळलं. त्यांनी थोरल्या मुलीला फोन केला तेव्हा डॉक्टर बेशुद्ध होते. थोरलीने धाकटीला केला तोवर ते शेवटच्या घटका मोजत होते. डॉक्टर कोट धुऊन वाळत टाकतायत तोच बायको, मेव्हणी, सासूबाई आणि साडू अशी सगळी वरात दवाखान्यात घुसली.

"अहो!" बायकोने हंबरडा फोडला. "काय झालं तुम्हाला?"

"काही नाही गं. रक्त नव्हतं ते. वाइन होती."

रडणं मधेच थांबलं. "वाइन? दवाखान्यात? भर दुपारी? एकटेच पीत बसला होतात?"

"पीत नव्हतो. थुंकत होतो."

"म्हणजे विकत आणून थुंकत होतात?" सासूबाईंना हे पिण्यापेक्षाही वाईट वाटलं.

साडूवर जळतोय म्हणून शिकत होतो, हे सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी खरोखरच शेवटच्या घटका मोजल्या असत्या. "अभ्यास चाललाय," ते म्हणाले. "वाइनचा दातांवर होणारा परिणाम."

साडू मंद हसला. "मला विचारायचं होतं ना, डॉक्टर." त्याने फ्रीज उघडला, स्पार्कलिंगची बाटली काढली, ग्लास भरला आणि सवयीने फिरवायला लागला.

"फिरवू नका!" डॉक्टर ओरडले. "बुडबुडे निघून जातात! ही कधी फिरवत नाहीत."

साडूचा हात थबकला. मेव्हणीने नवऱ्याकडे पाहिलं, सासूबाईंनीही पाहिलं. आता माघार घेतली तर सगळी अब्रू जाणार. साडूने तो बर्फगार ग्लास एका दमात तोंडात रिकामा केला.

पुढच्याच क्षणी अशी किंकाळी उठली की बाहेर थांबलेले दोन पेशंट अपॉइंटमेंट न बदलताच घरी गेले. साडू उजवा गाल धरून गुडघ्यांवर बसला होता.

"खालची दाढ," डॉक्टर म्हणाले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तळहातात ग्लास धरून ठेवणं, तासभर फिरवणं, डाव्या गालातला तो चिमणीएवढा घोट! त्यांनी बायकांना बाहेर बसवलं आणि साडूला खुर्चीत घेतलं.

"केव्हापासून दुखतेय?"

"फार दिवस झाले हो," साडू कुजबुजला. "गार लागलं की कळ जाते. म्हणून ग्लासला हाताची ऊब देत बसायचो. लोक वाहवा करायला लागले, मग कसं सांगणार? सुईला भितो मी, डॉक्टर. कोणाला बोलू नका. शपथ घ्या."

पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा धंद्याचा धर्म. डॉक्टरांनी जड मनाने शपथ घेतली. पण साडूच्या तोंडात कापूस आणि नळी बसल्यावर त्यांना राहवेना.

"आता ऐका. रेडचा रंग द्राक्षाच्या सालीतून येतो. व्हाइटला साल ठेवत नाहीत. रोझेची साल लवकर काढून घेतात, म्हणून ती गुलाबी. कळलं?"

"आं," साडू म्हणाला.

"टॅनिन म्हणजे चहातला, दात रंगवतो तोच. आणि शार्डोने नावाची व्हाइट ओकच्या लाकडी पिंपात मुरवली की व्हॅनिलाचा वास येतो."

"आं."

इतका मन लावून ऐकणारा श्रोता डॉक्टरांना आयुष्यात मिळाला नव्हता. दाढ केव्हाच भरून झाली होती, तरी त्यांनी कापूस काढला नाही.

पुढच्या जेवणाला साडू ताजातवाना होऊन आला. त्याने ग्लास फिरवला नाही. भरला, गटकन प्यायला आणि टेबलाकडे वळला. "फिरवणं वगैरे नवशिक्यांचं काम. खरी गोष्ट सालीत असते. रेडचा रंग सालीतून येतो..." सासऱ्यांचा चमचा पुन्हा थांबला. साडूने रोझे समजावली. टॅनिन समजावला. "चहातला, दात रंगवतो ना, तोच हा," तो म्हणाला आणि सासूबाईंनी टाळी वाजवली.

डॉक्टर ताटात बघत राहिले. एक शब्द बोलायची सोय नव्हती. हे मीच शिकवलं म्हटलं असतं, तर खुर्ची आली असती, खुर्चीमागून दाढ आली असती.

"आणि शार्डोने पिंपात मुरवली की वास येतो तो..." साडू अडखळला. कपाळाला हात लावून आठवू लागला. "काय बरं ते..."

"व्हॅनिला," डॉक्टरांच्या तोंडून निसटलं.

बायकोने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कौतुकाने भरून आले.

"भावोजी!" ती म्हणाली. "तुम्ही यांनाही शिकवायला घेतलंत?"

साडूने पुढे वाकून डॉक्टरांच्या खांद्यावर प्रेमाने थोपटलं.

"डॉक्टरांना चव आहे हो," तो म्हणाला. "फक्त तोंड उघडत नाहीत."